ताईची मज्जा

ताईने प्लास्टरातला हात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला तो मुद्देमाल ठेवावा तसा. मग दुसऱ्या हाताने शेजारच्या खुर्चीतल्या भावाकडे बोट दाखवलं आणि आरोपी कोण तेही सांगून टाकलं.

भावाने सवयीने मान खाली घातली. त्याची साठी कधीच उलटली होती, मिशाही पांढऱ्या झाल्या होत्या, पण ताईच्या लेखी तो अजून बारक्याच होता. लहानपणी बारक्याच्या रक्ताने दगा दिला तेव्हा नऊ वर्षांच्या ताईच्या कमरेच्या हाडातली मज्जा सुईने काढून त्याला दिली होती. तो वाचला, आणि त्या दिवसापासून ताईची वसुली सुरू झाली.

दुधावरची साय तिची. खिडकीची जागा तिची. गणितंही तिचीच, फक्त सोडवायची बारक्याने. चार इयत्ता मागे असून तो ती सोडवायचा, आणि शाळेत हुशार म्हणून त्याचं नाव झालं ते त्यामुळेच. त्याच्या लग्नात ताईने नव्या नवरीला बाजूला घेऊन बजावलं होतं, की हा आतून माझा आहे, जपून वापर. सर्दी होवो, केस गळोत, किल्ल्या हरवोत, ताईचं निदान ठरलेलं.

"माझी मज्जा गेली आणि याची मज्जा झाली."

आता मनगट मोडलं होतं. कसं मोडलं, ते ताई डॉक्टरीणबाईंना भरभर सांगून संपवायला बघत होती, कारण ओल्या फरशीवर कसं चालू नये हे शेजारणीला करून दाखवताना ती घसरली होती. शेजारीण धडधाकट होती. पण उभ्या उभ्या पडून हाड मोडतं, म्हणजे आत काही उरलेलं नाही, असं ताईचं म्हणणं. त्यातच वर्तमानपत्रात तिने वाचलं, की लहानपणी मज्जा दिलेल्यांची हाडं उतारवयात ठिसूळ होतात का, याचा अभ्यास इथल्या रुग्णालयात चालला आहे. तिने ते कात्रण बारक्याच्या नाकासमोर धरलं. आता विज्ञानच माझ्या बाजूने उभं राहणार, असं तिने सगळ्या नात्यात कळवलं आणि अभ्यासात नाव नोंदवलं.

तुलनेसाठी भावंडांचीही हाडं बघत होते, म्हणून मागच्या आठवड्यात दोघांनाही आळीपाळीने हाडांची ताकद मोजणाऱ्या यंत्राखाली झोपवलं होतं. बारक्या तिथे घोरला होता. ही गोष्टही ताईने आज डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातली.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर ताईचे आकडे काढले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, अभ्यास अजून बराच चालायचा आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, की काढलेली मज्जा शरीर काही आठवड्यांत भरून काढतं, आणि ताईंची हाडं तर त्यांच्या वयाच्या मानाने चांगली दणकट आहेत. मनगटाचं म्हणाल तर इतक्या जोराने आपटलं, की कुणाचंही मोडावं.

ताईचा चेहरा परीक्षेत पहिली येऊनही नापास झाल्यासारखा झाला. तिने दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येईल का, असं विचारून पाहिलं.

बारक्या मात्र आयुष्यात पहिल्यांदा ताईसमोर खुर्चीत रेलून बसला. पायावर पाय टाकला. घरी गेल्यावर कुणाकुणाला फोन करायचे, याची मनातल्या मनात उजळणीही सुरू झाली. तरी एकदा खात्री केलेली बरी, म्हणून त्याने घसा साफ केला.

"म्हणजे डॉक्टर, मी हिचं काही देणं लागत नाही?"

"हाडांच्या बाबतीत तरी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरे आकडे काढले. "पण काका, तुमची हाडं बघून मला काळजी वाटते."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मज्जा देण्याआधी बारक्याच्या अंगावर जबर औषधांचा आणि किरणांचा मारा झाला असणार. त्याची किंमत हाडं पुढे मोजत राहतात. घाबरायचं कारण नाही, औषधं आहेत, पण यापुढे जड उचलायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. साधी ठेच लागली तरी मोडेल, अशी अवस्था आहे.

बारक्याने पायावरचा पाय हळूच खाली ठेवला.

तो ताईच्या टोमण्याची वाट बघू लागला. तो येणार याबद्दल त्याला शंका नव्हती. इतका चांगला माल दिला आणि त्याचीही माती केलीस, असं काहीतरी. नात्यात फोन आता तीच करणार. पण ताई पडद्यावरच्या त्याच्या हाडांकडे एकटक बघत राहिली, अगदी पुढे वाकून. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, की मज्जा असते ती हाडाच्या आतच ना. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.

ताई उठली. तिने चष्मा काढून बारक्याच्या हातात दिला. चपला काढल्या, कोपऱ्यातल्या तपासणीच्या पलंगावर कशीबशी चढली आणि प्लास्टरातला हात सांभाळत पालथी झोपली. हे काय चाललंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काढा," उशीत तोंड खुपसून ताई म्हणाली. "आणि या खेपेला जरा सढळ हाताने काढा. तेव्हा कमी पडलेली दिसते."