मान वळवली तेव्हा

फोटोवरचं कापड ओढायला होजावो उठलाच नाही. गावाने त्याला पहिल्या बाकावर बसवलं होतं, डोक्यात पिसं खोवली होती, आणि तो चुन्याचा भोपळा मांडीवर घेऊन सुपारी चघळत होता. शेवटी कापड पाहुण्यानेच ओढलं. पाहुणा म्हणजे रॉस, सिडनीहून आलेला.

फोटो पुरुषभर उंचीचा, दुसऱ्या महायुद्धातला. छातीभर पाण्यातून एक पापुअन हमाल चाललाय, पाठीवर जखमी ऑस्ट्रेलियन सैनिक. सैनिकाचं डोकं हमालाच्या खांद्यावर कलंडलेलं, आणि हमाल मान वळवून त्याच्याकडे बघतोय. त्या नजरेवर फोटो पन्नास वर्षं जगभर गाजला. खाली पितळी पट्टीवर एकच शब्द कोरला होता: माया.

होजावोने फोटोकडे एकदा बघितलं. नदी त्यात फारच शांत दिसत होती.

रॉस बोलू लागला. गावचा मास्तर सिल्वेस्टर, होजावोचा पुतण्या, वाक्यावाक्याला थांबून गावच्या बोलीत सांगत होता. "काका, पाठीवर आहेत ते यांचे वडील. तुम्ही नसता तर ते वाचले नसते, म्हणतात. गावाला दवाखाना बांधून देणार आहेत. तुमच्या नावाने."

"माझ्या नावाने नको."

"काका, दोन शब्द गोड बोला." सिल्वेस्टरने आवाज खाली आणला. "दवाखाना आहे."

होजावोने लाल पिंक बाजूला टाकली. "त्याला विचार, मी कुणाकडे बघतोय."

रॉस हसला. यात विचारायचं काय, असा चेहरा करून म्हणाला, "माझ्या वडिलांकडे."

"मागून तौपा ओरडत होता. तिकडे बघतोय मी."

सिल्वेस्टरने हे इंग्रजीत सांगितलं नाही.

"सांग की. दातखीळ बसली का मास्तर तुझी? नाहीतर मीच सांगतो. त्यांचे चार शब्द मलाही येतात." आणि तो इंग्रजीत, सार्जंटच्या आवाजात बोलला, "उचल. चल. गप. पुन्हा."

रॉसचं हसू मावळलं. मग सिल्वेस्टरने एक शब्दही गाळला नाही.

"तौपा माझा धाकटा भाऊ," होजावो म्हणाला. "ओझी वाहायला आम्हा दोघांना एकाच दिवशी गावातून ओढून नेलं. हगवणीने त्याच्या पायातलं बळ गेलं होतं. मी त्याला पाठुंगळी घेऊन नदीपर्यंत आणला. सार्जंट म्हणाला, त्याला ठेव, याला उचल. मी तौपाला काठावर बसवला. म्हटलं, हा गोरा पलीकडे टाकतो आणि आलोच.

"टाकला पलीकडे. परत फिरतो तर फोटोवाला म्हणाला, पुन्हा. ऊन गेलं होतं म्हणे. सार्जंटने काठी दाखवली. याला परत पाठीवर घेतला, मधल्या धारेपर्यंत गेलो, तिथून वळलो. फोटोवाला म्हणाला, पुन्हा. वर डोंगरात पाऊस लागलेला, पाणी चढत होतं. तौपा काठावरून बघत होता. मी येतोय आणि अर्ध्यातून परत जातोय. त्याला वाटलं, याने मला टाकलं. तो सरपटत पाण्यात उतरला.

"दादा, म्हणून हाक मारली त्याने. मी मान वळवली. फोटोवाल्याला तेवढंच हवं होतं."

वारा आला आणि ओढून काढलेलं कापड जमिनीवर फडफडलं. कुणी उचललं नाही.

रॉस सिल्वेस्टरकडे वळून काहीतरी म्हणाला. सिल्वेस्टरने चाचरत विचारलं, "ते विचारतात, मग तुम्ही वडिलांना तिथेच का सोडलं नाही?"

"सोडलं होतं. दोन्ही हात काढून घेतले. पण त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली होती, ती सुटेना. तोवर धारेने तौपाला नेलं. तांदळाची गोणी असती तर बरं झालं असतं. गोणीला हात नसतात." होजावो आता सरळ रॉसकडे बघत होता. "पण त्याच्यावर माझा राग नाही. तापाने फणफणला होता तो. तापातल्या माणसाला हाका ऐकू येत नाहीत. सार्जंटला मी रोज शिव्या देतो, फोटोवाल्यालाही देतो. सकाळी उठलो की आधी तेच. तुझ्या बापाला कधी दिली नाही."

हे ऐकून रॉसच्या जिवाला जरा बरं वाटलं असावं. तो खाली वाकला, म्हाताऱ्याच्या गुडघ्याजवळ बसला.

"आमच्या घरात हा फोटो कधीच नव्हता," तो म्हणाला. "शाळेच्या पुस्तकात होता, शेजाऱ्यांकडे होता, आमच्याकडे नाही. आईने एकदा हौसेने भिंतीवर लावला. बाबांनी उतरवला आणि काचेसकट शेगडीत घातला. आम्हाला वाटायचं, त्यांना मोठेपणा आवडत नाही."

सिल्वेस्टरने सांगितलं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

होजावोचं चघळणं थांबलं.

"म्हणजे ऐकू आलं होतं त्याला," तो म्हणाला.

त्याने भोपळ्याचं बूच घट्ट बसवलं, काठी ओढून घेतली आणि उठून उभा राहिला. रॉस अजून खालीच बसला होता.

"नाव काय तुझ्या बापाचं? उद्या सकाळी लागेल."

"हॅरल्ड."

होजावोला तो शब्द अवघड गेला. जीभ नीट बसेपर्यंत त्याने तो चार-पाच वेळा पुटपुटला, आणि मग घराकडे चालू लागला.