बोल्टला तेल

मंत्री स्टेजवरून छातीठोकपणे म्हणाले, "नवं धोरण आलंय! देशाची गाडी याच कारखान्यात बनणार. इथला एक स्क्रूसुद्धा हलणार नाही!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. वेल्डरने फिटरमामांच्या पाठीत थाप मारली. "सुटलो बुवा मामा! नोकरी पक्की. आता तरी हसा की, का एरंडेल प्यायलात?"

मामा हातांचं तेल पुसत राहिले. "आठवडाभर साहेबांनी मला एकच काम लावलंय. मोठं प्रेस मशीन जमिनीला धरून ठेवणाऱ्या बोल्टना रोज तेल सोडायचं."

"मग? मंत्री येणार म्हणून मशीनची बडदास्त!"

"चालत्या मशीनला ते तेल लागत नाही रे. तीस वर्षं गंजलेले बोल्ट झटक्यात सुटावेत म्हणून सोडतात."