शहागंजच्या माश्या

बद्रीनाथ सर तीस वर्षांनी जहांगीरच्या घरी आले, तेही भर उन्हात, मुकुंदवाडी स्टेशनापासून पायी. अठ्ठ्याहत्तरीतल्या माणसानं असलं धाडस करू नये. पण म्हातारा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

जहांगीरच्या बायकोनं, अजरानं, पाणी दिलं. सरांनी पेला तसाच खाली ठेवला.

"जहांगीर, आता तरी खरं सांग. बाटल्या तूच मिसळल्यास ना?"

कॉलेजात सर फळमाश्यांवर संशोधन करायचे आणि जहांगीर त्यांच्या प्रयोगशाळेचा शिपाई. दुधाच्या बाटलीत केळ्याचा गर, तोंडाला कापसाचा बोळा, आत तिळाएवढ्या माश्या. एका उन्हाळ्यात शहागंजच्या फळवाल्याकडून आणलेल्या माश्यांना मोठे पंख फुटले. पुढच्या पिढीलाही तसेच. हा गुण रक्तातलाच, अशी सरांची खात्री पटली. मग जहांगीर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला, आणि माश्या पुन्हा बारक्या पंखांच्या निघू लागल्या. शिपायानं बाटल्यांतल्या माश्या एकमेकींत मिसळल्या, असा सरांनी अर्ज केला. जहांगीरची बदली सायकल स्टँडवर झाली आणि तिथूनच तो रिटायर झाला.

"तेवढं कळलं की मी सुटलो," सर म्हणाले. "काय दिवस होते रे ते! भिंगाखाली पंख धरला की उठावंसंच वाटायचं नाही. खरे होते ना ते पंख?"

जहांगीरनं मान खाली घातली. हो म्हटलं, तर सरांचा शोध खरा आणि आपल्या कपाळावरचा डाग कायमचा. नाही म्हटलं, तर या म्हाताऱ्याकडे उरणार काय?

"बोल डालो ना जी," अजरा दारातून म्हणाली. "तीस साल हो गए. कायकू दबाके रखते?"

"मिसळल्या नाय, सर," जहांगीर म्हणाला. "हलवल्या."

"हलवल्या? बाटल्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं होतं मी."

"लॅबच्या तापल्या पत्र्याखाली माशा पटापट मरत व्हत्या. बघवंना मला. तुम्ही दुपारी घरी गेले की मी बाटल्या रांजणाच्या आडोशाला ठिवायचो, वल्लं गोणपाट गुंडाळून. सकाळी तुम्ही यायच्या आत परत फळीवर."

सरांचा आयुष्यातला एकुलता एक शोध, आणि त्याच्या मुळाशी ओलं गोणपाट. जहांगीरला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"सगळ्याच बाटल्या ठेवायचास?" सरांनी एकदम विचारलं.

"सगळ्या. जालन्याहून आणलेल्या माशांच्या बी. पर त्या गारव्यात जराशाच वाढल्या. लई वाढल्या त्या शहागंजच्याच."

सर खाटेवर ताठ बसले. "म्हणजे रक्तात होतंच! पण गारवा मिळाला तरच उमटणारं. नुसतं रक्त नाही आणि नुसता गारवाही नाही, जहांगीर. दोन्ही लागतं!" ते वर्गात शिकवायचे तसा त्यांनी हात उंचावला. मग हात हळूहळू खाली आला. "आणि मी तुला सायकली राखायला बसवलं."

अजरानं पेला पुन्हा त्यांच्या हातात दिला. त्यांच्यानं पाणी पिववेना.

"अरे, पंख दिसले तेव्हाच का नाही बोललास? अर्धं काम तर तूच केलं होतंस."

"मोठ्या पंखाची पयली माशी निघाली, तवा तुम्ही मला हाक मारून भिंगातून दाखवली," जहांगीर म्हणाला. "म्हणले, बघ जहांगीर, आपल्या माश्या. त्याच्या आधी बारा वर्सं तुम्ही 'माझ्या माश्या' म्हणायचे. मला वाटलं, ऱ्हाऊ द्यावं ते 'आपल्या' थोडे दिवस."