चावणारे बूट

संग्रहालयाने दिलेले नवे बूट इतके चावत होते, की सकाळी दहालाच मी ते दालनाच्या दाराबाहेर काढून ठेवले आणि अनवाणीच पहाऱ्याला उभा राहिलो. बघणार कोण होतं? माझ्या दालनात जुन्या मुंबईतले मैलाचे दगड मांडलेत. तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून साहेब महिनाअखेरीस दालन बंद करून मला उन्हात, गेटवर धाडणार होते.

तेवढ्यात सहलीला आलेल्या एक काकू दारात थबकल्या. बूट पाहून त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला. मागच्या तीस जणांनीही मुकाट्याने चपला काढल्या.

"कुठला हो देव?" काकूंनी हळूच विचारलं.

"देव कसला? मैलाचा दगड आहे. वाचा की, ठाणे अकरा मैल!"

काकू मागे वळल्या. "अगं, ठाण्याहून अकरा मैल चालत आलाय! जागृत आहे, हात जोडा."

दुपारपर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत ही रांग. दगडावर कुणीतरी जास्वंदही वाहिली. मी ओरडून ओरडून सांगतोय, तर म्हणतात, "पुजारी फार कडक आहे."

शेवटी साहेब तणतणत आत आले. "माईणकर, हे संग्रहालय आहे की देऊळ? लोकांना चपला काढायला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही, साहेब," म्हणत मी मान खाली घातली.

साहेब नुसत्या मोज्यांवर उभे होते.