थकव्याची रजा

पुस्तकांच्या सहवासात माणूस थकत नाही, असं परिपत्रकात म्हटलं होतं. ते वाचताना ग्रंथपाल हेमलता टिळेकरांचा डावा डोळा एकसारखा फडफडत होता. लेकीचं बाळंतपण उद्यावर आलेलं, त्यांना रजा हवीच होती. पण काउंटरवर एकजण तरी लागणार, म्हणून थकव्याची रजा एकालाच मिळणार होती: त्यांना, नाहीतर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या शेजारच्या उत्तरयंत्राला.

“बाई, जीव नकोसा झालाय हो,” यंत्र कण्हलं.

“अरे, तू काल-परवा आलास! माझी इथे हाडं झिजली.”

रजा कुणाला द्यायची ते ठरवायला आलेला तपासनीस दोघांच्या थकव्याचे आकडे ताडून पाहत होता.

“मॅडम, तुमचा थकवा जुना आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला सवय झालीय.”

यंत्र तत्काळ बंद झालं. रांगेतल्या पहिल्या वाचकाने हेमलताबाईंना वायफायचा पासवर्ड विचारला.