एका चालीनं

डोंगरातल्या गावातून पहिल्यांदाच हनोईला आलेल्या भाचीचा हात घट्ट धरून न्हानआजी स्कूटरच्या लोंढ्यात उतरल्या.

"मावशी, मरू आपण!"

"मुकाट चल. पळायचं नाही, थबकायचं नाही. आपण एका चालीनं गेलो की लोक आपसूक वळसा घालतात."

स्कूटर अंगाला घासून पुढून-मागून जात होत्या. अर्धा रस्ता सुखरूप पार पडला. तेवढ्यात भाड्याच्या स्कूटरवरच्या एका परदेशी पाहुण्यानं म्हातारीला पाहून करकचून ब्रेक दाबला आणि "आधी तुम्ही" असा अदबीनं हात केला. मागच्या नऊ स्कूटर एकावर एक आदळल्या. भाची वाचली, आजींचा पाय ढिगाखाली आला.

दवाखान्यात हवालदारानं वही उघडली. "आजी, बेफाम कोण चालवत होतं?"



"बेफाम सगळेच होते रे बाबा. एक तेवढा सभ्य निघाला."