तिच्या माई

लेक घराची किल्ली विसरून गेली होती, ती द्यायला आई केंद्रावर आली. निदान जिना चढताना तिनं स्वतःला तसंच सांगितलं. खरं तर तिला केंद्र चालवणाऱ्या त्या माईंना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

अत्याचार झालेल्या बायकांना आधार देणाऱ्या या केंद्रात लेक कॉलेजतर्फे शिकाऊ म्हणून यायला लागली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. माई म्हणतात, समोरच्याला ‘का’ असं विचारायचं नाही. माई म्हणतात, गप्प बसणं हेही कामच आहे. आईनं मात्र “आज काय झालं गं?” म्हटलं, की “तिथलं बाहेर सांगायचं नसतं,” एवढ्यावर बोळवण. परवा आई म्हणालीसुद्धा, “मग जेवायलाही माईंकडेच जात जा.” लेक हसली. आईला हसू आलं नाही.

दाराला पाटी नव्हती. आत खुर्च्या एकमेकींकडे तोंड न करता जरा तिरक्या मांडलेल्या. खांबाआडच्या खुर्चीवर आई टेकते न टेकते तोच आतून लेक आली. तिच्याबरोबर एक बाई होती, आईच्याच वयाची. दोघी जिन्याच्या तोंडाशी थांबल्या.

“ताई, तुम्ही होतात म्हणून तोंड उघडलं,” बाई म्हणाली.

“हात धरू का?” लेकीनं विचारलं. बाईनं मान डोलावल्यावर तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि तशीच उभी राहिली. फोन नाही, घाई नाही. मग दोघी सावकाश जिना उतरून गेल्या.

आई खांबाआडून बघत राहिली. डोक्यावरून हात फिरवला तर “आई, केस!” म्हणून मान झटकणारी हीच का ती पोर? परक्या बाईच्या दुःखाचा हेवा करायचा, हे तिचं तिलाच कसंसं वाटलं. पण वाटलं ते वाटलं.

“कधीच्या बसलाय? कुणी पाणी तरी विचारलं का?”

समोर माई. आतून कुणीतरी तशी हाक मारली, म्हणून कळलं. आईनं मनात रंगवलेल्या बाईसारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. पिकलेले आखूड केस, पायांत मोजे, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. ‘मी तुमच्या त्या मुलीची आई’ हे वाक्य आईच्या जिभेवर तयार होतं. त्यापुढचंही तयार होतं, चांगलं तिखट.

“आत या. नाव सांगायलाच हवं असं नाही,” माई म्हणाल्या.

यांचा काहीतरी घोटाळा झालाय, आपल्याला आधाराला आलेली समजतायत, हे आईच्या लक्षात आलं. तिनं तो दुरुस्त केला नाही. बघू तरी, हिच्यापाशी असं काय आहे, की माझी पोर हिचीच होऊन बसली! ती मुकाट्यानं आत गेली.

माई बसल्या आणि काही बोलल्याच नाहीत. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. आई वाट बघत राहिली. त्या विचारतील, मग सांगून टाकू. त्यांनी विचारलंच नाही. गाडी चालू झाली, निघून गेली.

“लग्नाच्या आधीचं आहे,” आई म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. “आमच्याकडे एकजण शिकवायला यायचे.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. खालून परतलेली लेक पाण्याचा ग्लास घेऊन आत आली आणि आईला बघून जागच्या जागी थांबली. आधी तिला हसू येत होतं. आईच्या तोंडाकडे बघता बघता ते विरून गेलं.

“माई,” ती हळूच म्हणाली, “ही माझी आई आहे.”

माईंनी आईकडे पाहिलं. “मग तुमची लेक इथं बसणार नाही. हवं तर खाली जाऊन थांबेल. आणि आज नकोच वाटत असेल, तर तेही चालेल. तुम्ही म्हणाल तसं.”

लेकीनं ग्लास ठेवला तेव्हा थोडं पाणी टेबलावर सांडलं. तिनं ते हातानं पुसलं. काही विचारलं नाही. चांगलं शिकवलंय हिला माईंनी, आईच्या मनात आलं, आणि अशा वेळीही जीव जळायचा तो जळलाच.

“खाली नको,” आई लेकीला म्हणाली. “बाहेर बाकावर बस. आणि दार उघडं ठेव गं.”

लेक बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसली, खोलीकडे पाठ करून. आईनं माईंवरची नजर काढून त्या पाठीवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. मधे मधे शब्द सापडेनात. माईंनी शोधून दिले नाहीत. पाठ हलली नाही.

मग एका वाक्यापाशी आईचा आवाज अगदीच खाली गेला. बाहेर बाक करकरला. मागं वळून न बघता लेक सरकत सरकत बाकाच्या दाराकडच्या टोकाला आली.